रंगाखालचे लाकूड

जुने लाकडी सामान विकत घेऊन त्यास रंग देण्याची हौस सध्या वाढली आहे. मोडकळीस आलेली वस्तू टाकून न देता पुन्हा वापरात आणावी, हा त्यामागील हेतू स्तुत्यच होय. तथापि हेतू चांगला म्हणून कृतीही चांगली ठरतेच असे नाही. या हौसेचे गुणदोष म्हणूनच तपासून पाहिले पाहिजेत.

जुन्या सामानाच्या एका दुकानात आम्ही नुकताच एक चौरंग पाहिला. त्यास फिकट निळ्या रंगाचे दोन दाट हात दिलेले होते. उलटा करून पाहतो तो खाली काळसर जांभळट रेषांचे अस्सल शिसवी लाकूड! एका पायाच्या सांध्यातील किडीची भोके लांबीने बुजवून वर रंग चढविला होता. ज्यावर कोणा घरची पूजा मांडली गेली असेल, त्या चौरंगाचे सौंदर्य आणि दुखणे ही दोन्ही एकाच रंगाने झाकली होती.

१९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ मालाच्या गुणवत्तेची हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरीत नाही. त्यास अपवाद आहेत. पण माल तपासून घेणाऱ्यास, तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांबद्दल त्या अपवादाचाही आधार मिळत नाही. रंगाखालचा दोष दिसावयास हवा होता की नव्हता, हा वाद कोर्टात घालण्यापेक्षा चौरंग उलटा करणे स्वस्त पडते.

ब्रिटनमध्ये ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये ‘चॉक पेंट’ प्रचारात आणला. जुने पॉलिश न घासताही तो बसतो, हा त्याचा गुण सांगतात. आमच्या मते मोहही तोच. कारण श्रमाबरोबर विचारही वाचतो. चपडा लाख स्पिरिटात विरघळवून केलेल्या पॉलिशातून लाकडाच्या रेषा दिसतात व ते स्पिरिटने पुन्हा उतरविता येते. तैलरंग लाकडाच्या छिद्रांत शिरतो; तो खरवडताना कोरीव कामाची धार जाते. शिवाय जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाले. त्यापूर्वीचा रंग कोरडाच घासल्यास उडणारी धूळ मुलांस विशेष घातक.

रंग सर्वत्र वर्ज्य आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. सावंतवाडीच्या लाखकामात रंग हीच वस्तूची शोभा. खोक्याच्या फळ्यांचे कपाट रंगविल्याने काही बिघडत नाही. उलट ओलीपासून त्याचे थोडे रक्षणच होते.

तेव्हा निकाल इतकाच : आधी वस्तू उलटी करून पाहावी, मग कीड व सांधे दुरुस्त करावेत, आणि ब्रश शेवटी हाती घ्यावा. लाकूड दाखविण्याजोगे असेल तर दाखवावे, नसेल तर खुशाल रंगवावे. देवळांच्या भांडारांतील पाट-चौरंगांस उत्सवापूर्वी रंग काढणाऱ्या व्यवस्थापकांनीही एवढा विचार अवश्य करावा. पूर्वजांनी उघडे ठेवलेले लाकूड आपण झाकावयाचे, तर त्यास हौसेहून बळकट कारण हवे.