क्रीडावृत्तातील कर्ता : संघाचा व्यवस्थापक, वृत्तपत्रे आणि चाहते

मराठी समीक्षा क्रीडावृत्ताकडे क्वचितच वळते. वस्तुतः मराठी वाचकांचा मोठा वर्ग जे गद्य रोज आवडीने वाचतो त्यात या लेखनाचे स्थान वरचे आहे. संघ हरला की या गद्यात एका दोषी व्यक्तीचा शोध सुरू होतो. ही व्यक्ती कधी कर्णधार असते, कधी प्रशिक्षक, तर कधी व्यवस्थापक. चाहत्यांपैकी काही जण त्या लेखनामुळे व्यक्तीवर संतापतात आणि काही त्या लेखनावरच संतापतात. हा संताप सामान्यतः मानसशास्त्राचा विषय समजला जातो. परंतु त्याला वाक्यरचनेचेही अंग आहे, आणि अजित वाडेकर यांच्या कारकिर्दीतील दोन प्रसंगांवरून ते स्पष्ट दिसू शकते.

पहिला प्रसंग १९७४ चा आहे. वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७१ साली प्रथम वेस्ट इंडीजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली होती. १९७२-७३ च्या मोसमात मायदेशी इंग्लंडला २-१ असे नमविले होते. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र तिन्ही कसोटी सामने हातचे गेले. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ धावा केल्या आणि दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. डिसेंबर २०२० पर्यंत भारताची कसोटीतील हीच नीचांकी धावसंख्या होती. त्या डावात ख्रिस ओल्डने पाच आणि जॉफ अर्नोल्डने चार बळी घेतले. वाडेकर यांच्या मुंबईतील घरावर दगडफेक झाली. १९७१ च्या विजयाचे स्मारक म्हणून इंदूरमध्ये उभारलेली काँक्रीटची बॅट विद्रूप करण्यात आली.

दुसरा प्रसंग १३ मार्च १९९६ चा. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याच्या वेळी वाडेकर संघाचे व्यवस्थापक होते आणि कर्णधार होते महंमद अझरुद्दीन. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर नाणेफेक जिंकून भारताने क्षेत्ररक्षण स्वीकारले. श्रीलंकेने ८ बाद २५१ धावा केल्या. भारताची धावसंख्या १ बाद ९८ असताना सचिन तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाला. पुढच्या २२ धावांत, त्याच्यासह, सात गडी बाद झाले. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसनांना आगी लावल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. प्रथम क्षेत्ररक्षण करण्याच्या निर्णयासाठी कर्णधार आणि व्यवस्थापक या दोघांवरही टीकेचा भडिमार झाला.

या दोन प्रसंगांत वाचकाची स्थिती सारखी नव्हती. आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. या परिसरात बैलगाडा शर्यत पाहणाऱ्याला घाटात काय घडले हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही. कोणाचा गाडा किती सेकंदांत आला, कोणता बैल मध्येच बिचकला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. गाडामालकाला नावे ठेवायची तर तो त्या पाहण्याच्या आधारावर ठेवतो. लॉर्ड्सवरील सामना मात्र १९७४ साली अशा गावापर्यंत आकाशवाणीच्या आणि वृत्तपत्राच्या वाक्यांतूनच पोहोचू शकत होता. १९९६ पर्यंत दूरचित्रवाणी खेडोपाडी गेली होती आणि ईडनवरील पडझड लोकांनी प्रत्यक्ष पाहिली. तरीही दोष देणारे वाक्य बदलले नाही. याचा अर्थ असा की, केवळ अज्ञान हे त्या वाक्याचे कारण नव्हे.

कारण शोधताना प्रथम क्रियापदांकडे पाहावे लागते. मराठीत ‘भारताने सामना जिंकला’ असा कर्मणी आणि ‘भारत सामना जिंकला’ असा कर्तरी, असे दोन्ही प्रयोग चालतात. ‘हरणे’ या क्रियापदाला शिष्ट भाषेत ‘ने’ मानवत नाही. ‘भारत सामना हरला’ असेच म्हटले जाते. ‘तो धडा शिकला’, ‘तो पाणी प्याला’ या वाक्यांप्रमाणे येथेही कर्म असूनही प्रयोग कर्तरीच राहतो, आणि पराभव हे कोणी केलेले कृत्य न वाटता हरणाऱ्यावर ओढवलेली अवस्था वाटते. म्हणूनच ज्याला दोष द्यायचा आहे त्याला ‘हरणे’ सोडून दुसरे क्रियापद शोधावे लागते. ‘गमावणे’ आणि ‘घालवणे’ ही क्रियापदे त्याच्या मदतीस येतात, आणि त्यांच्याबरोबर ‘ने’ही येतो.

चाहत्यांच्या बोलण्यात याहून महत्त्वाची रचना आढळते, ती ‘हरवणे’ या प्रयोजक क्रियापदाची. ‘भारताने इंग्लंडला हरवले’ या वाक्यात हरवणारा आणि हरणारा हे परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत. ‘त्याने आपल्याला हरवले’ असे चाहता आपल्याच कर्णधाराविषयी म्हणतो, तेव्हा वाक्यातील प्रतिस्पर्ध्याची जागा त्या कर्णधाराला मिळते. ज्याने ओल्ड आणि अर्नोल्ड यांच्या गोलंदाजीला तोंड दिले, तो वाक्यरचनेत त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसतो. विजयाच्या वेळी हाच चाहता ‘आपण जिंकलो’ असे म्हणतो. श्रोत्यालाही सामावून घेणारे ‘आपण’ हे सर्वनाम मराठीत ‘आम्ही’पासून निराळे आहे. पराभवात ‘आपण’ची विभक्ती बदलते, कर्ता असलेला समूह ‘आपल्याला’ असे कर्म होतो, आणि त्या समूहातून एक माणूस बाहेर काढला जातो.

वृत्तपत्रीय गद्य इतके उघड वागत नाही. त्याची आवडती क्रियापदे ‘भोवणे’, ‘नडणे’ आणि ‘अंगलट येणे’ ही होत. ‘क्षेत्ररक्षणाचा निर्णय भोवला’ हे वाक्य नमुन्यादाखल पाहावे. येथे कर्ता निर्णय आहे. तो कोणी घेतला हे सांगायचे तर षष्ठीचा एक प्रत्यय पुरतो : ‘व्यवस्थापकांचा निर्णय भोवला’. अशा रचनेत दोन गोष्टी साधतात. बातमीदाराने कोणावर थेट आरोप केलेला दिसत नाही. आणि २२ धावांत पडलेले सात गडी, खेळपट्टीने फिरकीला दिलेली साथ, सनत जयसूर्याचे १२ धावांतील तीन बळी, हे सर्व त्या एका नामाच्या पोटात लुप्त होते. श्रीलंकेचे दोन्ही सलामीवीर पहिल्याच षटकात बाद झाले होते, म्हणजे काही काळ तोच निर्णय फलदायी वाटत होता, ही गोष्ट ‘भोवला’ या भूतकाळी रूपात उरत नाही.

आदरार्थी अनेकवचनाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. शेजारच्या दोन गावांना अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द म्हणून थोरले-धाकटेपण देणाऱ्या भाषेत व्यक्तींच्या बाबतीत ही दक्षता अधिकच असणार. क्रीडापृष्ठावर खेळाडू बहुधा ‘म्हणाला’ असतो, आणि व्यवस्थापक किंवा प्रशिक्षक ‘म्हणाले’ असतात. सचिन तेंडुलकरच्या बाबतीत २०१३ च्या निवृत्तीनंतरही ‘म्हणाला’ अनेकदा टिकून राहिले, ते अनादराने नव्हे. हे एकेरीपण घरातल्या माणसाला मिळणारे असते. व्यवस्थापकाला मिळणारे अनेकवचन त्याला मान देते, पण त्या घराबाहेर उभे करते. रडत मैदान सोडणाऱ्या विनोद कांबळीविषयी चाहत्याला कणव वाटली. त्या एकेरीतील कणवेत ‘व्यवस्थापक म्हणाले’ या वाक्यातील माणसाला वाटा मिळणे कठीण होते.

‘व्यवस्थापक’ हा शब्दही गोंधळात भर घालतो. इंग्लंडमधील फुटबॉलमध्ये मॅनेजर अकरा खेळाडू निवडतो आणि डावपेच ठरवतो, म्हणून निकालाची जबाबदारी त्याच्यावर टाकण्यास आधार असतो. भारतीय क्रिकेट दौऱ्यावरील व्यवस्थापकाचे काम दीर्घकाळ मुख्यतः प्रशासकीय होते. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी व्यवस्थापक होते. त्यांनी क्षेत्ररक्षणाच्या सरावावर भर दिला, तरी ओव्हलवरील विजय लोकस्मृतीत वाडेकर, चंद्रशेखर यांच्याच नावे राहिला. १९९२ नंतर वाडेकर यांच्याकडे आलेले पद प्रशिक्षकाच्या जवळ जाणारे होते, परंतु शब्द जुनाच राहिला. मराठीत तालमीने ‘वस्ताद’ हा नेमका शब्द दिला आहे, आणि कोल्हापुरात तर पाटाकडील तालीम मंडळासारखे फुटबॉल संघ आजही तालमीचेच नाव लावतात. वस्तादाची जबाबदारी कोठे संपते आणि पठ्ठ्याची कोठे सुरू होते, हे आखाड्याभोवती बसलेल्यांना ठाऊक असते. ‘व्यवस्थापक’ या शब्दाला अशी सीमा नसल्याने त्यात हवे तेवढे श्रेय किंवा अपश्रेय भरता येते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मथळ्याला जागा थोडी असते आणि संक्षेप अपरिहार्य असतो. परंतु ‘२२ धावांत सात गडी बाद’ हे वाक्य ‘व्यवस्थापकांचा निर्णय भोवला’ यापेक्षा लांब नाही. दुसरा आक्षेप असा की, दगड प्रक्षोभातून फेकले जातात, व्याकरणातून नव्हे. हे मान्य करावे लागते. मात्र प्रक्षोभाला ठिकाण लागते, आणि ते वाक्यातील कर्त्याच्या जागी आयते सापडते. व्यवस्थापकावर टीकाच करू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. नाणेफेकीनंतरच्या निर्णयाची चिकित्सा योग्यच आहे. निर्णय कोणी घेतला, कोणत्या माहितीवर घेतला आणि नंतर कोण कसे खेळले, ही तीन क्रियापदे तीन कर्त्यांसह लिहिली जावीत, एवढीच येथे अपेक्षा आहे.

पदव्युत्तर अभ्यासकांना येथे काम करण्यास पुष्कळ वाव आहे. १९७१ आणि १९७४ या दोन वर्षांची मराठी क्रीडापृष्ठे समोरासमोर ठेवून ‘ने’, प्रयोजक क्रियापदे आणि सर्वनामांची वचने मोजता येतील. पारावरच्या आणि मैदानावरच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण त्याशेजारी ठेवले, तर चाहत्याने वृत्तपत्राचे वाक्य उचलले की वृत्तपत्राने चाहत्याचे, हा प्रश्न अनुमानावर सोडावा लागणार नाही. १९७४ साली दगडफेक करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लॉर्ड्सवरील एकही चेंडू पाहिलेला नसणार. त्यांच्याजवळ सामना म्हणून जे होते ते ऐकलेले आणि वाचलेले गद्यच होते, आणि त्या गद्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकांनी करणे अगत्याचे आहे.