निरोपाच्या व्यासपीठावरून

1 जून 1990. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात पदवीदानाचं भाषण करायला तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश उभ्या राहिल्या, तेव्हा तिथल्या दीडशेएक विद्यार्थिनींनी त्यांच्या निवडीला आधीच लेखी विरोध केलेला होता. हरकत बिनबुडाची नव्हती. जिची ओळख नवऱ्याच्या पदामुळे आहे, ती स्वतःच्या पायावर उभ्या राहू पाहणाऱ्या मुलींना काय सांगणार? शिवाय बाईंनी स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडून लग्न केलेलं. बुश आपली बाजू मांडत बसल्या नाहीत. माणसं जोडा, नाती जपा, असं त्यांनी सांगितलं. मग शेवटाकडे म्हणाल्या, या श्रोत्यांमधलंच कुणीतरी एक दिवस माझ्यासारखं राष्ट्राध्यक्षांचा जोडीदार म्हणून व्हाइट हाउसमध्ये जाईल, आणि त्याला माझ्या शुभेच्छा. त्या 'त्याला'वर टाळ्यांचा कडकडाट झाला.

श्रोत्यांचं मन वळवण्याची तीन साधनं ॲरिस्टॉटलनं सांगितली: वक्त्याबद्दलचा विश्वास, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. त्यातल्या पहिल्याला त्यानं घातलेली अट मात्र सहज विसरली जाते. हा विश्वास वक्त्याच्या आधीच्या लौकिकातून नव्हे, तर त्याच्या बोलण्यातूनच उभा राहायला हवा. वेलस्लीत नेमकं तेच घडलं.

अमेरिकेतली पदवीदानाची भाषणं हा आता वक्तृत्वाचा एक स्वतंत्र प्रकार झाला आहे. पण गेल्या वीस वर्षांची गाजलेली भाषणं ओळीनं ऐकली, तर या तीन साधनांचा तोल ढळलेला जाणवतो. अनुभवकथन फोफावलं आहे आणि युक्तिवाद मागे पडला आहे.

पूर्वी असं नव्हतं. 10 जून 1963 रोजी वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत जॉन केनेडी पदवीधरांसमोर शांततेवर बोलले. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी जाऊन आल्याला जेमतेम आठ महिने झाले होते. शांतता अशक्य आहे, या समजुतीची त्यांनी एकेक कडी तपासली. दुसऱ्या महायुद्धात रशियानं किती माणसं गमावली, याची आठवण त्यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकी श्रोत्यांना करून दिली. त्याच भाषणात मॉस्कोतल्या वाटाघाटींची घोषणा झाली आणि 5 ऑगस्टला अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार सह्यांनिशी पक्का झाला. समोरच्या तरुणांना विचार करता येतो, हा भरवसा त्या भाषणाच्या मुळाशी आहे. तरुणांचा याहून मोठा सन्मान कोणता?

वळण आलं ते 12 जून 2005 रोजी, स्टॅनफर्डमध्ये. आपण कॉलेज पूर्ण केलेलं नाही, हे स्टीव्ह जॉब्स यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आणि मग हातातल्या कागदावरून तीन गोष्टी वाचून दाखवल्या. कॉलेज सोडल्यावर सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसणं आणि त्याचं दहा वर्षांनी मॅकच्या अक्षरांत उतरणं, स्वतःच उभारलेल्या कंपनीतून बाहेर फेकलं जाणं, कर्करोगाचं निदान. पंधरा मिनिटांत जन्म, अपयश, मृत्यू सगळं येतं. बांधणी इतकी घट्ट, की एक वाक्य काढायला जागा नाही. भाषण अप्रतिमच आहे. अडचण त्याच्या वारसांची झाली: पडझड, सावरणं, शिकवण हा साचाच बनून गेला.

2014 मध्ये टेक्सास विद्यापीठात ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी नौदलाच्या खडतर प्रशिक्षणातले दहा धडे दिले. सकाळी उठल्यावर अंथरूण नीट लावणं, हा त्यातला पहिला. प्रामाणिक, कानात राहणारं भाषण. पण त्यातलं गणित बघावं: आठ हजार पदवीधरांतल्या प्रत्येकानं दहा जणांचं आयुष्य बदललं, त्या दहांनी आणखी दहांचं, तर पाच पिढ्यांत 80 कोटी माणसं. आकडा छाती फुगवतो. मात्र आयुष्य बदलणं अशा गुणाकारानं चालत नाही. युक्तिवादाचा पोशाख चढवलेली ती भावनाच आहे.

स्टॅनफर्डच्या तीनच आठवडे आधी केनियन कॉलेजात डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी उपदेशाच्या रूढ साच्यालाच हात घातला होता. माशांची एक बोधकथा सांगून, मी काही त्यातला शहाणा म्हातारा मासा नव्हे, असं त्यांनी लगेच बजावलं. पुढे दमूनभागून घरी परतताना सुपरमार्केटच्या रांगेत मनात काय चालतं, हे त्यांनी इतकं बारकाईनं उलगडलं, की तो कंटाळा हाच पुराव्याचा भाग झाला.

तिन्ही साधनं एकजीव झालेली सापडतात ती जे. के. रोलिंग यांच्या 2008 च्या हार्वर्डमधल्या भाषणात. स्वतःच्या अपयशाची, गरिबीची कहाणी त्या सांगतात, पण तिथंच थांबत नाहीत. विशीत त्या लंडनला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कार्यालयात नोकरीला होत्या. एकदा तिथल्या रिकाम्या कॉरिडॉरमधून जाताना बंद दारामागून त्यांना एक किंकाळी ऐकू आली. आतल्या एका तरुणाला नुकतंच कळलं होतं, की तो उघडपणे बोलला म्हणून मायदेशी त्याच्या आईला पकडून ठार मारण्यात आलं. दार उघडलं आणि त्याच्यासाठी काहीतरी गरम प्यायला करून आणायला रोलिंगना सांगण्यात आलं. ही आठवण सांगून त्या हार्वर्डच्या पदवीधरांकडे वळतात: तुमच्यातले बहुतेक जण जगातल्या एकमेव महासत्तेचे नागरिक आहात, तुम्ही मत कसं देता, कसं जगता, कशाचा निषेध करता, याचा परिणाम तुमच्या सीमांपलीकडच्या माणसांवर होतो. तोवर ती किंकाळी समोर बसलेल्यांच्याही कानात असते.