झीज आणि निगा : ग्रँट मन्‍रोचा पाइप

सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द यलो फेस’ या कथेचा उल्लेख बहुधा एकाच कारणाने होतो : या कथेत शेरलॉक होम्स हरतो. १८९३च्या फेब्रुवारीत ‘द स्ट्रँड मॅगझिन’मध्ये ती छापून आली. नॉरबरीला राहणारा ग्रँट मन्‍रो आपल्या बायकोच्या वागण्याने हवालदिल होऊन होम्सकडे येतो. समोरच्या बंद घरात कुणीतरी राहायला आले आहे, खिडकीत एक पिवळा, निर्जीव चेहरा दिसतो आणि एफी, त्याची बायको, रात्री-अपरात्री त्या घरी जाते. होम्स निष्कर्ष काढतो की तिचा पहिला नवरा जिवंत आहे आणि तो तिला धमकावून पैसे उकळतो आहे. प्रत्यक्षात त्या घरात निघते एक लहान मुलगी. एफीचा पहिला नवरा अमेरिकेतल्या अटलांटाचा कृष्णवर्णीय गृहस्थ होता. तो वारला. त्याची ही मुलगी. तिचा रंग शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून चेहऱ्यावर मुखवटा. शेवटी होम्स वॉटसनला सांगून ठेवतो की यापुढे माझा आत्मविश्वास वाजवीपेक्षा वाढलेला दिसला तर माझ्या कानात ‘नॉरबरी’ एवढेच म्हणत जा.

वंशभेदाच्या अंगाने या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र कथेच्या पहिल्या तीन-चार पानांवर आहे. मन्‍रो पहिल्यांदा येतो तेव्हा होम्स घरी नसतो. वाट पाहून कंटाळलेला मन्‍रो निघून जातो आणि आपला पाइप टेबलावर विसरतो. तो पाइप हातात घेऊन होम्स त्याच्या मालकाचे वर्णन करतो. वाचक हा भाग प्रस्तावना म्हणून वाचतात : नेहमीची करामत, खरी कथा पुढेच. कथेची किल्ली याच पानांत आहे, आणि ती होम्सच्या हातात येऊन परत टेबलावर ठेवली जाते, असे मला वाटते.

आधी होम्स काय पाहतो ते नोंदवू. पाइप जुन्या ब्रायर लाकडाचा आहे. मूळ किंमत त्याच्या अंदाजाने साडेसात शिलिंग. तो दोनदा दुरुस्त केलेला आहे, एकदा लाकडी नळीपाशी आणि एकदा अंबराच्या, म्हणजे तृणमण्याच्या, मुखनळीवर. दोन्ही ठिकाणी चांदीची पट्टी बसवलेली, म्हणजे दुरुस्तीला नव्या पाइपापेक्षा जास्त खर्च आलेला. वाटीची उजवी बाजू बाहेरून करपलेली. अंबरावर दातांच्या खोल खुणा. आत शिल्लक असलेली थोडी तंबाखू होम्स तळहातावर काढतो आणि ती आठ पेन्स औंसाची ग्रोव्हनर मिक्श्चर असल्याचे सांगतो. निष्कर्ष : मालक धडधाकट, डावखुरा, उत्तम दातांचा, सवयींनी निष्काळजी आणि पैशाची काटकसर करण्याची गरज नसलेला.

यातले काय खरे ठरते? पैशाचे ठरते. मन्‍रो हॉप्सचा व्यापारी आहे आणि वर्षाला सात-आठशे पौंड मिळवतो. दात कसे आहेत, तो डावखुरा आहे का, हे डॉइल पुढे कुठेही पडताळून दाखवत नाहीत. नाव तर होम्सला पाइपावरून कळतच नाही. ते टोपीच्या अस्तरावर लिहिलेले असते.

डावखुरेपणाचा मुद्दा जरा तपासून पाहण्यासारखा आहे. पाइप दिव्याच्या किंवा गॅसच्या ज्योतीवर धरून पेटवला की वाटी बाहेरून करपते. काडीने पेटवला तर ज्योत आत ओढली जाते, बाहेरचे लाकूड बचावते. इथपर्यंत होम्सचे बरोबर. उजव्या हाताने वाटी धरणाऱ्याची बोटे आणि तळवा उजवी बाजू झाकतात, म्हणून उघडी राहिलेली डावी बाजू ज्योतीकडे जाते. डावखुऱ्याचे उलटे. पण घरातला गॅसचा दिवा भिंतीवर एका ठरावीक जागी असतो, आणि दाराच्या कोपऱ्यात अडचणीत असलेल्या दिव्याकडे माणूस रोज एकाच बाजूने वाकतो. पाइपावर हाताची सवय उमटते तशीच घराची रचनाही उमटत असणार. होम्सने माणूस वाचला आणि त्याचे घर वगळले. पुढच्या प्रकरणात नेमके हेच होते, पण तिथे घाईने जायला नको.

त्याआधी पाइपाच्या निगेविषयी थोडे, कारण आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाइप ओढला असेल. मीही ओढत नाही. पण या लेखासाठी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक जुना ब्रायर आणला आणि आठवडाभर त्याच्या मागे लागलो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. लाकूड घट्ट आणि जळायला नाखूश. तरीही वापराने वाटीच्या आत काजळीचा कडक थर बसतो. पाइपवाले त्याला ‘केक’ म्हणतात. हा थर एखाद्या नाण्याच्या जाडीइतका हवा असतो, तो लाकडाला आगीपासून वाचवतो. वाढू दिला तर मात्र तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या गतीने फुगतो आणि वाटी तडकते. म्हणून तो अधूनमधून खरवडायचा, पण पूर्ण काढायचा नाही. नळीत ओलसर काळे कीट साचते. ते प्रत्येक वेळी ओढून झाल्यावर काढायचे, हल्ली मऊ तंतू गुंडाळलेल्या तारेने, पूर्वी पिसाच्या देठाने. मुरलेला वास घालवायला वाटीत मीठ भरून त्यावर स्पिरिट सोडतात आणि रात्रभर ठेवतात. सकाळी माझ्या पाइपातले मीठ चहाच्या चोथ्याच्या रंगाचे निघाले. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : पाइप गरम असताना मुखनळी पिरगाळून काढायची नाही. उष्णतेने आणि ओलीने सांधा घट्ट झालेला असतो. जोर दिला की लाकडी नळी उभी चिरते. माझ्या पाइपाचे कीट निघाल्यावर नळीवर अशीच एक बारीक चीर दिसली. कुणाचा तरी धीर पन्नास-साठ वर्षांपूर्वी सुटला असावा.

आता मन्‍रोच्या पाइपाकडे परत येऊ. लाकडी नळीवरची पहिली चांदीची पट्टी नेमकी अशाच जागी आहे. पाइप पडूनही तिथे मोडू शकतो, हे मान्य. पण ती साफसफाईतल्या उतावळेपणाची नेहमीची जागा आहे, आणि उतावळा मन्‍रो आपल्याला कथेत सतत भेटतो. बायकोचा पाठलाग करणारा, बंद दारावर धडका देणारा, मनाई असूनही घरात घुसणारा. करपलेली कड, चावलेले अंबर, वाटीत तशीच राहिलेली तंबाखू, हे सगळे त्याच स्वभावाचे. होम्स त्याला निष्काळजी म्हणतो ते या अर्थाने बरोबर आहे.

पण निष्काळजी माणूस साडेसात शिलिंगांच्या वस्तूवर दोनदा चांदी चढवत नाही. होम्सला हे दिसते. त्याच पैशात नवा घेण्याऐवजी हाच डागडुजी करून वापरतो, त्याअर्थी त्याला हा पाइप फार प्रिय असणार, असे तो वॉटसनला सांगतोही. मग त्या निरीक्षणाचे पुढे काय होते? ते मालकाच्या सांपत्तिक स्थितीच्या खात्यात जमा होते. काटकसरीची गरज नाही, संपले. वस्तू बिघडवणारा पण न टाकणारा, तिच्या तडा गेलेल्या जागी तिच्या किमतीपेक्षा जास्त ओतणारा माणूस समोर येणार आहे, आणि त्याची तक्रार त्याच्या बायकोविषयी आहे, या दोन गोष्टी होम्स शेजारी ठेवत नाही.

होम्सची पद्धत मुळात झीज वाचण्याची आहे, असे इथे कुणी म्हणेल. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये (१८९०) तो वॉटसनच्या भावाचे घड्याळ वाचतो. किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे हे थरथरत्या, दारुड्या हाताचे. तिथे निगा नाहीच, आहे ती फक्त झीज, आणि वाचन अचूक येते. म्हणजे निगा त्याला वाचताच येत नाही का? तसे म्हणता येत नाही, कारण ‘द ब्लू कार्बंकल’ (जानेवारी १८९२) आडवी येते. हेन्‍री बेकरच्या टोपीवरचे डाग शाईने झाकलेले असतात. त्यावरून होम्स ओळखतो की माणूस रसातळाला गेला तरी स्वाभिमान पुरता गेलेला नाही. आणि ती टोपी आठवड्यानुआठवडे ब्रश केलेली नाही, म्हणून बायकोचे प्रेम उरलेले नाही. म्हणजे तेरा महिन्यांपूर्वी हाच होम्स निगेच्या अभावावरून थेट संसारापर्यंत उडी मारतो. पाइपावर निगा भरपूर आहे, चांदीने मढवलेली आहे, तरी तो ही उडी मारत नाही. प्रेम आटल्याची खूण त्याला लगेच दिसते. प्रेम टिकल्याची खूण मात्र तो किमतीत मोजतो. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो होम्सवर आहे. डॉइलवर नाही, कारण खूण तिथे ठेवली डॉइलनेच. तीही एकदा नाही, दोनदा : लाकडावर आणि अंबरावर.

होम्सला ही खूण का लागत नाही, याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या पाइपांत शोधावे लागते. एकशे चाळीस प्रकारच्या तंबाखूंची राख ओळखणारा, त्यावर पुस्तिका लिहिणारा हा माणूस स्वतःचे पाइप कसे ठेवतो? ‘द इंजिनिअर्स थंब’मध्ये (१८९२) त्याचा सकाळचा पहिला पाइप आदल्या दिवशीच्या पाइपांतून उरलेल्या ओल्या, अर्धवट जळलेल्या गोळ्यांचा असतो. ते शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यात नीट वाळवून ठेवलेले असतात. ज्याला आपण गुल म्हणून झटकून टाकतो तेच. त्याची तंबाखू पर्शियन सपातेच्या टोकात राहते आणि सिगार कोळशाच्या टोपलीत. ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’मधला मातीचा पाइप तेलकट झालेला आहे, ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मधला काळाठिक्कर. चित्रांत आणि जाहिरातींत दिसणारा तो मोठा वाकडा कॅलाबॅश एकाही कथेत नाही, हे जाता जाता सांगायला हवे.

मातीच्या पाइपाची रीतच वेगळी होती. आपल्या चिलमीची असते तशी. चिलमीला खडा बदलतात, छापी धुतात किंवा नवी घेतात, आणि चिलीम फुटली की कुणी चांदीची पट्टी बसवत नाही. इंग्लंडातल्या गुत्त्यांत काळे पडलेले मातीचे पाइप लोखंडी पाळण्यात रचून भट्टीत घालत. कीट जळून जाई आणि पाइप पुन्हा पांढरे निघत. मोडला तर नवा. स्वस्त, अनेकांचा, सहज सुटणारा. होम्सकडे ब्रायर आणि चेरीचा पाइपही आहेत, पण मननासाठी त्याच्या तोंडात असते ती माती. वाद घालायची लहर असली की चेरीचा लांब पाइप, असे वॉटसन ‘द कॉपर बीचेस’मध्ये नोंदवतो. म्हणजे होम्सचे पाइप मनःस्थितीप्रमाणे बदलतात. मन्‍रोचा पाइप एकच आहे. ज्या माणसाने एकही वस्तू दुरुस्तीला टाकलेली आपण पाहिली नाही, त्याने चांदीच्या पट्टीतून फक्त खर्च वाचावा यात नवल नाही.

सिमनॉनच्या मेग्रेशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. ‘मेग्रेचा पाइप’ या दीर्घकथेत (१९४७) त्याचा आवडता पाइप चोरीला जातो आणि तो अस्वस्थ होतो, कारण इतर पाइप असले तरी तो तो नसतो. मन्‍रोच्या टेबलावर विसरलेल्या पाइपाचे मोल मेग्रेला पहिल्या नजरेत कळले असते असे मला वाटते. अर्थात राख ओळखायला त्याला कुणाला तरी बोलवावे लागले असते.

एक शंका उरतेच. वस्तूवर माया करणारा माणूस माणसांवर करेलच असे नाही. जुन्या फाउंटन पेनांना जपणारे आणि घरच्यांना घालूनपाडून बोलणारे संग्राहक मी पाहिले आहेत. म्हणून पाइपावरून मन्‍रोचे वागणे ‘सिद्ध’ होते असा दावा मी करत नाही. कथेत एफीला नेमकी हीच भीती आहे. खरे कळले तर हा माणूस आपल्याला टाकून देईल म्हणून ती मुलीला मुखवट्याआड ठेवते. तिने त्याचा पाइप रोज पाहिलेला असणार. तिलाही त्यात उत्तर दिसलेले नाही. पण टाकणे की ठेवणे हा कथेचा प्रश्न आहे, आणि पहिल्या पानांत डॉइल आपल्या हातात अशी वस्तू देतात जिच्याबाबत तो प्रश्न दोनदा उभा राहिला आणि दोनदा सुटला. हा योगायोग मानायला मी तयार नाही. होम्सने धमकावणाऱ्या नवऱ्याची कल्पना रचण्यापूर्वी एवढे विचारले असते तरी पुरे होते : हा माणूस मोडलेल्या गोष्टीचे काय करतो?

उत्तर शेवटच्या प्रसंगात मिळते. मुखवटा उतरतो, एफी सगळे सांगते, आणि मन्‍रो बराच वेळ गप्प राहतो. मग तो मुलीला उचलतो, तिचा पापा घेतो, तिला तशीच कडेवर ठेवून दुसरा हात बायकोपुढे करतो आणि दाराकडे वळतो. आपण फार चांगला माणूस नाही, पण तुला वाटले त्यापेक्षा बरा आहे, अशा अर्थाचे तो काही बोलतो. होम्स आणि वॉटसन त्यांच्या मागे गल्लीपर्यंत जातात आणि तिथे होम्स वॉटसनची बाही ओढतो : आपले इथे काम नाही. मुलगी कोणत्या हातावर होती, हे डॉइल लिहीत नाहीत.