सरासरी, व्याज आणि दहावीचे अर्थशास्त्र

शालेय अर्थशास्त्र म्हटले की व्याख्या, प्रकार आणि फायदे-तोटे पाठ करणे, एवढेच बहुतेकांना आठवते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने दहावीसाठी तयार केलेले ‘अंडरस्टँडिंग इकॉनॉमिक डेव्हलपमेंट’ हे पुस्तक त्याहून पुष्कळ वेगळे आहे. त्यात व्याख्येच्या आधी माणसे भेटतात. तरीही एक उणीव आम्हांला जाणवते. पुस्तक आकडे दाखवते, पण ते विद्यार्थ्याला हाताळू देत नाही. दोन उदाहरणे पाहू.

पहिल्या प्रकरणात दोन काल्पनिक देश आहेत. प्रत्येकात पाच नागरिक. ‘अ’ देशातील मासिक उत्पन्ने 9500, 10500, 9800, 10000 आणि 10200 रुपये. ‘ब’ देशात चौघांना 500 रुपये आणि पाचव्याला 48000. दोन्हीकडे सरासरी 10000 रुपयेच येते. सरासरी विषमता लपवते, हे पुस्तक नेमके सांगते आणि पुढे जाते. पण विद्यार्थ्याला लगेच पडणारा प्रश्न असा, की मग मोजायचे कशाने? उत्तर त्याच्याच दप्तरात असते. दहावीच्या गणितात मध्यक शिकवतात. उत्पन्ने चढत्या क्रमाने लावून मधली संख्या घेतली, तर ‘अ’ देशाचा मध्यक 10000 येतो आणि ‘ब’ देशाचा 500. दोन तासिकांमधली भिंत ओलांडली की एवढे साधे काम आहे.

दुसरे उदाहरण कर्जाच्या प्रकरणातले. सोनपूर गावचा शामल हा दीड एकराचा शेतकरी. आधी तो सावकाराकडून दरमहा शेकडा 5 ने कर्ज घेई. नंतर व्यापाऱ्याकडून शेकडा 3 ने घेऊ लागला. अट एकच, पीक त्याच व्यापाऱ्याला विकायचे. व्यापारी सुगीत स्वस्तात घेतो आणि भाव चढल्यावर विकतो, हे पुस्तक सांगते. मात्र या अटीची किंमत किती, हा हिशोब ते करायला लावत नाही. तो वर्गात सहज करता येईल. 10000 रुपये सहा महिन्यांसाठी घेतले असे समजू. सरळ व्याजाने सावकाराचे 3000 रुपये होतात, व्यापाऱ्याचे 1800. म्हणजे 1200 रुपये वाचले. आता पीक 20 क्विंटल निघाले आणि व्यापाऱ्याने क्विंटलमागे 60 रुपये कमी भाव दिला, तर ते 1200 रुपये तिथेच संपले. भाव याहून पाडला, तर ‘स्वस्त’ कर्ज सावकाराच्या कर्जापेक्षा महाग पडते. क्विंटलमागचा फरक बदलून विद्यार्थ्यांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहावे.

हे गणित परीक्षेपुरते नाही. वर्गातली अनेक मुले काही वर्षांत स्वतः कर्ज घेतील, आणि त्या वेळी व्याजाचा दर ऐकून थांबायचे की करारातल्या बाकीच्या अटीही मोजायच्या, हे त्यांना ठरवावे लागेल. तीच मुले मतदारही होतील. ‘दरडोई उत्पन्न वाढले’ असे कोणी सांगितल्यावर ‘मधल्या माणसाचे किती वाढले?’ असे विचारता येणे, हे नागरिकशास्त्रच नव्हे काय?

पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. गणिताच्या आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून एक तासिका काढली, तर ही दोन्ही उदाहरणे फळ्यावर पुरी होतील.