न बोलणाऱ्याचे वाचन

मागच्या वर्षी एका व्याख्यानमालेला गेले होते. सभागृह निम्मे रिकामे होते आणि मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. मला मागून ऐकायला आवडते. व्याख्यात्याच्या कोणत्या वाक्यावर कोणाची मान डोलते आणि कोणाची पेंगेने खाली जाते, ते तिथूनच दिसते. सूत्रसंचालकांनी ध्वनिक्षेपकावरून हाक दिली, "अहो ताई, लाजू नका, पुढे या." मी म्हटले, "नको, इथेच बरी आहे." त्यावर ते म्हणाले, "बघा, किती लाजतात!" सभागृह हसले. पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून आल्या आणि माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाल्या, "घाबरू नका, मी आहे ना तुमच्याबरोबर." मी मुकाट्याने पुढे जाऊन बसले. दोघांचाही हेतू चांगला होता. पण व्याख्यान काही माझ्या डोक्यात शिरेना. मी स्वच्छ नकार दिला होता आणि तो नकारच माझ्या लाजेचा पुरावा ठरला होता.

घरी आल्यावर मी शब्दकोश काढून बसले. न बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही, पण ते जवळजवळ सगळे पाहणाऱ्याच्या बाजूने घडवलेले आहेत. 'बुजरा' हा शब्द गुराढोरांकडून माणसाकडे आला. बैल बुजतो, घोडा बुजतो. पाखरांना बुजवायला शेतात उभे करतात ते बुजगावणे. 'मुखदुर्बळ' म्हणजे तोंडाचा अशक्त. 'घुमा' म्हणजे मनात काहीतरी धरून बसलेला. मान खाली घालून चालणाऱ्याला तर आपण थेट 'खालमुंडी पाताळधुंडी' म्हणून मोकळे होतो. म्हणजे खाली नजर असलेला माणूस एक तर लाजरा, नाही तर कारस्थानी. तो रस्त्यावरचे खड्डे पाहत असेल, हे म्हणीला सुचलेले नाही. 'मितभाषी' हा एक शब्द तेवढा निर्दोष आहे. पण तो संस्कृत आहे आणि बहुधा मृत्युलेखात भेटतो.

यात 'भीड' वेगळी. ती भीती नाही. भीडेत समोरच्याचे मन राखणे असते, आणि त्यापायी स्वतःचे नुकसान करून घेणेही असते. म्हणून तर 'भीड भिकेची बहीण'. त्या दिवशी मी खरोखर भीडस्त ठरले ते उठून पुढे गेले तेव्हा. शेवटच्या रांगेत बसले होते तेव्हा नव्हे. लोकांना मात्र उलटे दिसले. मागे बसलेली ती लाजाळू, पुढे आलेली ती धीट झाली.

'लाजाळू'वरून त्या झुडपाची आठवण होते. हात लावला की पाने मिटतात, कारण पानांच्या बुडाशी असलेल्या पेशींतले पाणी सरकते आणि त्यांचा ताठरपणा जातो. झाड मूळचे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचे. लाज त्याला आपण दिली.

मानसशास्त्राने हा गुंता पुष्कळ उशिरा सोडवायला घेतला. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस यांनी १९८१ च्या त्यांच्या निबंधात लाजाळूपणा आणि माणसांत मिसळण्याची आवड कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे दाखवले. एखाद्याला मिसळायचे असते पण जमत नाही. दुसऱ्याला जमते पण तितकेसे नको असते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. मग आतले कोण सांगणार? इथे माझी अपेक्षा साहित्याकडून आहे, कारण आत जाण्याचा परवाना त्याच्याकडे आहे.

आपल्या विनोदी साहित्याने हा परवाना फारसा वापरला नाही, असे मला वाटते. चि. वि. जोशींचा चिमणराव असो की पु. ल. देशपांड्यांच्या 'असा मी असामी'तला कारकून, त्यांच्यावर माझे प्रेम आहे. पण ते जसे बिचकलेले दिसतात तसेच आतूनही बिचकलेले असतात. पाहणाऱ्याचा अंदाज तिथे कधी चुकत नाही. गप्प दिसला की भ्यायला, हे समीकरण हसत हसत अंगवळणी पडायला अशा पात्रांचा थोडाफार हातभार लागला असावा.

ते समीकरण मुळापासून उलटे करणारी कृती म्हणून मी विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' कडे पाहते. 'रंगायन'ने १९६७ साली हे नाटक केले. त्यावर एवढे लिहिले गेले आहे की आणखी काही म्हणायला संकोच वाटावा (हा मात्र खरा संकोच). लीला बेणारेचे शेवटचे स्वगत हा नेहमी चर्चेचा मध्य असतो. मला पहिला अंक जास्त महत्त्वाचा वाटतो. बेणारे तिथे अखंड बोलते. रिकाम्या हॉलमध्ये आदल्या क्षणी भेटलेल्या सामंतांशी ती चेष्टा करते, गाते, मंडळींच्या नकला करते. सामंत बापडा संकोचून ऐकत असतो. त्या दोघांना पाहून कोणीही सांगेल, ही धीट आणि हा भित्रा. पण पोटात मूल, त्याचा बाप हात झटकून मोकळा आणि नोकरीची टांगती तलवार, एवढे घेऊन ती उभी आहे, हे पुढे कळते. तेव्हा ती बडबड पुन्हा ऐकावी. भीती होती ती त्या बोलण्यात होती, आणि ती कोणी वाचली नाही. सामंत मात्र साक्षीला उभे केल्यावर कादंबरीतला मजकूर बिनदिक्कत घालून साक्ष देतो. भित्रा दिसणारा माणूस निरुपद्रवी असतो, हाही अंदाज तिथे कोसळतो.

खेळातला खटला खरा होत जातो तशी बेणारे गप्प होते, आणि आता सगळे तिला वाचू लागतात. तिच्या मौनातून प्रत्येक जण आपल्याला हवा तो कबुलीजबाब काढतो. तिने विरोध केला तेव्हा तो चिडणे ठरला, गप्प बसली तेव्हा ते अपराधीपण. शेवटी ती बोलते ते प्रेक्षकांना ऐकू येते, पण मंचावरच्या न्यायालयाला नाही. तेंडुलकरांनी हे स्वगत कोर्टाच्या कामकाजाबाहेर ठेवले, यात मला केवळ रंगतंत्र दिसत नाही. एकदा वाचन ठरले की वाचल्या जाणाऱ्याचे म्हणणे नोंदीत येत नाही, ही गोष्ट त्या रचनेतच आहे. माझ्या सभागृहातल्या हशाची बेणारेच्या शिक्षेशी तुलना करणे हास्यास्पद होईल. पण नकार आणि मौन दोन्ही पुराव्यातच जमा करण्याची युक्ती तीच आहे.

समीक्षकही यातून सुटलेले नाहीत. जी. ए. कुलकर्णींचा काळा चष्मा, धारवाडचे एकांतातले राहणे, सभासंमेलने टाळणे यांवरून 'बुजरे' किंवा 'माणूसघाणे' जी. ए. तयार झाले आणि मग त्यांच्या कथाही त्याच चष्म्यातून वाचल्या गेल्या. याच माणसाने 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार वाद झाल्यावर परत केला. बुजऱ्याचे हे काम नव्हे. आणि त्यांच्या पत्रांचे खंड उघडावेत: सुनीता देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांत थट्टा आहे, वाद आहे, माणसांविषयीचे जिवंत कुतूहल आहे. त्यांना माणसे नको होती असे नाही. कोणती आणि किती अंतरावरून हवीत, एवढे ते स्वतः ठरवत होते.

लाज खरीच असली तरी तिच्यातून भय सिद्ध होत नाही. गांधीजींनी आत्मकथेत लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतला प्रसंग सांगितला आहे. डॉ. अॅलिन्सन यांची संततिनियमनाची मते अध्यक्षांना अमान्य होती, म्हणून त्यांना मंडळातून काढायचा प्रस्ताव आला. गांधीजींनाही ती मते पटत नव्हती, पण त्यासाठी सभासदत्व काढून घेणे त्यांना गैर वाटले. बोलायला धीर होईना, म्हणून त्यांनी म्हणणे लिहून आणले. तेही वाचता येईना, तेव्हा दुसऱ्याने वाचून दाखवले. ते हरणाऱ्या बाजूला होते. त्या सभेतल्या एखाद्या परक्याने त्यांच्याकडे पाहून काय ठरवले असेल, ते आपण सहज सांगू शकतो.

माझ्यापुरते कबूल करते की मीही घाबरते. रात्री उशिरा अनोळखी रस्त्यावर रिक्षात बसले की घाबरते. तेव्हा मी फोन कानाला लावून मोठमोठ्याने बोलते, हसते, पलीकडे कोणी नसले तरी. त्या वेळी मला अजून कोणी म्हटलेले नाही, "ताई, घाबरू नका."