दहावी बशी

लक्ष्मीपूजनाला वह्या पूजण्याची आपली रीत. तेव्हा दिवाळीत एका वहीविषयीच लिहिले तर वाचक रागावणार नाहीत. ही वही कागदाची मात्र नाही. ‘इव्ह ऑनलाइन’ नावाचा खेळ आइसलंडमधल्या एका कंपनीने २००३ साली काढला. देशोदेशींचे लोक आपापल्या संगणकापुढे बसून एकाच कल्पित अंतराळात जहाजे हाकतात, व्यापार करतात आणि भांडतात. जहाज फुटले की नोंद होते: कोणाचे, कोठे, अखेरचा घाव कोणाचा, आत काय होते, त्यातले काय जळाले, काय उरले. या नोंदींची प्रत्येक खेळाडूच्या नावे खतावणी बनते.

माझ्या भाच्याने अशी एक खतावणी मला दाखवली. खेळाडू कोण कुठला, त्यालाही ठाऊक नव्हते. खेळातले नाव मात्र जपानी ओकिकूवरून घेतलेले. “मामा, बघा तरी, कसला खुनशी गडी आहे!”

ओकिकू खुनशी? मला हे पटेना. ओकिकू ही एका सामुराईच्या घरची मोलकरीण. दहा मौल्यवान बशांपैकी एक हरवल्याचा आळ तिच्यावर आला आणि तिला विहिरीत टाकण्यात आले. (बशी धन्यानेच लपवली होती, असे काही ठिकाणी सांगतात.) तेव्हापासून रात्री विहिरीतून आवाज येतो: एक, दोन, तीन... नवापर्यंत, आणि मग किंकाळी. १७४१ साली ही कथा बाहुल्यांच्या रंगभूमीवर आली. हिमेजीच्या किल्ल्यात तिची विहीर आजही दाखवतात. होकुसाइने तर तिची मानच बशांची काढली आहे. मोजता मोजता मोजणे हेच तिचे शरीर झाले! आपला मुंजा पिंपळावर बसतो तो राहिलेल्या इच्छेपायी. जपानी ‘युरेई’चेही तसेच. ज्याच्यावर अन्याय झाला तो युरेई होतो, ज्याने केला तो नव्हे.

मग मारणाऱ्याने हे नाव का घ्यावे? खतावणीची जमेची बाजू वाचली तेव्हा माझे मत प्रतिकूलच झाले. दहाबारा जणांनी मिळून एकट्यादुकट्याला गाठायचे आणि त्यात आपलाही हात लावायचा, असे ते विजय. भरगच्च, पण नीरस. या खेळात माणूस मरत नाही. क्लोनच्या रूपाने पुन्हा जागा होतो. जहाज मात्र गेले ते गेलेच, आणि ते कुणीतरी खनिज खणून, भाग जोडून बांधलेले असते. २०१४ च्या जानेवारीत बी-आर५आरबी या ठिकाणी सुमारे एकवीस तासांत पंचाहत्तर टायटन, म्हणजे तिथली सर्वांत अजस्र जहाजे, नष्ट झाली; त्या प्रत्येकामागे किती रात्रींचे श्रम असतील! हे श्रम नोंदीत येत नाहीत. तिथे येते ती फक्त किंमत.

भाचा चहाला उठला आणि मी नावेची बाजू उघडली. तिकडे कोणी फिरकत नाही म्हणे. तिथे वेगळाच माणूस भेटला. रिफ्टर नावाचे लहान, स्वस्त जहाज. तामा नावाची एकच सूर्यमाला, जिथे लुटारू टपलेले असतात. आणि दर वेळी एकटाच. गेला, फुटला, पुन्हा तेच जहाज, तीच सूर्यमाला. जपानीत ‘तामा’चा एक अर्थ आत्मा असा होतो. हा योगायोगच असेल, पण मला तो सोडवेना. इथे ते नाव शोभते. जमेच्या बाजूला तो केवळ शिकारी आहे. इथे तो विहिरीपाशी परतणारी ओकिकू आहे, आणि हरवलेल्याचीच मोजदाद करतो आहे.

कथेच्या एका पाठात किंकाळीच्या आधीच शेजारी मोठ्याने “दहा!” म्हणून ओरडतो आणि ती शांत होते. भाचा परत आला तेव्हा मी त्याला विचारले, “याला तिथे कोणी निरोप पाठवू शकतो का?”

“पाठवता येतो की. पण काय लिहू, मामा?”

मी सांगितलेला एकच शब्द त्याने हसत हसत टाइप केला. उत्तर अजून आलेले नाही. काल पुन्हा वही उघडली. तामा, रिफ्टर, आणि न वापरलेल्या थोड्या गोळ्या शाबूत राहिल्याची नोंद.