सच्चर समितीचा अहवाल आणि समाजांतर्गत विषमता : एक चिकित्सा

न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १७ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधानांना सादर झाला व त्याच महिन्याच्या अखेरीस संसदेत मांडण्यात आला. तेव्हापासून मुस्लिम समाजाच्या शिक्षणावरील बहुतेक चर्चासत्रांची सुरुवात या अहवालातील आकड्यांनी होते. साक्षरतेचे राष्ट्रीय प्रमाण ६५.१ टक्के असताना मुस्लिमांचे ५९.१ टक्के, सहा ते चौदा वयोगटातील चारपैकी एक मुस्लिम मूल शाळेत कधीच न गेलेले किंवा शाळा सोडलेले, भारतीय प्रशासकीय सेवेत मुस्लिमांचे प्रमाण अवघे ३ टक्के, हे आकडे आता आपल्याला मुखोद्गत झाले आहेत. परंतु एखादा अहवाल वारंवार उद्धृत होतो म्हणजे तो पूर्ण वाचला जातो, असे म्हणता येत नाही. या अहवालाच्या दहाव्या प्रकरणाकडे आपण सोयीस्कर दुर्लक्ष केले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या दुर्लक्षाची कारणे व परिणाम तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

अहवालाचे योगदान

प्रथम अहवालाचे श्रेय मान्य केले पाहिजे. 'लांगूलचालन' या शब्दाभोवती फिरणाऱ्या राजकीय चर्चेला या अहवालाने आकडेवारीने उत्तर दिले. मुस्लिम मुले मदरशांतच शिकतात हा समजही त्याने खोडून काढला. शाळकरी वयाच्या मुलांपैकी सुमारे तीन टक्केच मदरशांत जातात, असे त्यातून स्पष्ट झाले. विषमतेची कारणे केवळ समाजाच्या मानसिकतेत शोधू नयेत, ती वस्तीत शाळा आहे का, बँक कर्ज देते का, नोकरभरतीची माहिती पोहोचते का, या प्रश्नांतही शोधावीत, ही दृष्टी या अहवालाने रुजवली. मुस्लिम कामगारांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत, ही नोंद या दृष्टीने फार बोलकी आहे. स्वयंरोजगार म्हणजे येथे बहुधा हातगाडी, शिलाई, गॅरेज किंवा फळविक्री. त्याला ना निवृत्तिवेतन, ना आजारपणाची रजा. अशा घरातील मुलगा दहावीनंतर दुकानावर बसतो, तेव्हा त्याला शिक्षणाची आवड नसते असे नव्हे. घराला दुसरा हात हवा असतो.

वर्गीकरणाची मर्यादा

तथापि, अहवालाच्या मांडणीत एक मूलभूत अडचण आहे. त्यातील बहुतेक तक्त्यांत हिंदू समाजाची विभागणी अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि सर्वसाधारण अशी केलेली आहे. मुस्लिम समाज मात्र एकाच रकान्यात येतो. म्हणजे विषमता मोजणारे साधन एका समाजाच्या आतील उतरंड पाहते आणि दुसऱ्या समाजाला एकसंध मानते. सरासरी हा आकडा उपयुक्त असतो, पण तो झाकतोही. सय्यद जमीनदाराचा पदवीधर मुलगा आणि कापूस पिंजणाऱ्याची निरक्षर मुलगी एकाच सरासरीत मिसळली, की दोघांचेही खरे चित्र हरवते.

समितीला या मर्यादेची जाणीव होती. 'मुस्लिम इतर मागासवर्गीय' या विषयाला वाहिलेले दहावे प्रकरण ही त्या जाणिवेची साक्ष आहे. अश्राफ, अजलाफ व अरझल हे स्तर त्यात नोंदवले आहेत. हा शोध नवा नव्हता. १९०१ च्या बंगाल जनगणना अहवालात हे स्तर आले होते, आणि डॉ. आंबेडकरांनी फाळणीविषयक ग्रंथात त्याचाच दाखला दिला होता. घौस अन्सारी यांनी १९६० मध्ये उत्तर प्रदेशातील मुस्लिम जातींवर व इम्तियाझ अहमद यांनी १९७३ मध्ये भारतीय मुस्लिमांतील स्तरीकरणावर ग्रंथ सिद्ध केले होते. दहाव्या प्रकरणाचा निष्कर्ष असा, की मुस्लिम मागासवर्गीयांची स्थिती सर्वसाधारण मुस्लिमांहूनही निकृष्ट आहे आणि मागासवर्गासाठीचे लाभ त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचलेले नाहीत. सर्वसाधारण मुस्लिमही हिंदू मागासवर्गीयांच्या मागे आहेत, हेही तेथेच नमूद आहे. ही दोन्ही विधाने एकत्रच वाचावयास हवीत. आपण दुसरे तेवढे वाचले.

या प्रकरणातील आणखी एक आकडा विचार करण्याजोगा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ३१.७ टक्के मुस्लिमांनी आपण इतर मागासवर्गीय असल्याचे सांगितले होते. २००४-०५ मध्ये हे प्रमाण ४०.७ टक्के झाले. पाच वर्षांत लोकसंख्येची रचना इतकी बदलत नाही. याद्यांत काही नव्या जमाती आल्या असतील, पण लोकांना स्वतःची नोंद कशी करावी हेही हळूहळू उमगू लागले होते, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

रकान्यातला शब्द

येथे प्रश्न थेट आपल्या संस्थांपर्यंत येतो. प्रवेश समितीवर काम करताना प्रस्तुत लेखकाने असंख्य शाळा सोडल्याचे दाखले हाताळले आहेत. त्यांतील फार मोठ्या संख्येत 'धर्म : इस्लाम' व 'जात : मुसलमान' एवढीच नोंद असते. एका विद्यार्थ्याचे आजोबा धनुकली घेऊन गावोगाव गाद्या भरीत. वडील रिक्षा चालवीत. पिंजारी म्हणून त्याला सवलत मिळावयास हवी होती. परंतु तीन पिढ्यांच्या एकाही कागदावर तो शब्द नव्हता. शाळेत नाव घालताना लिपिकाने विचारले नाही आणि आजोबांनी सांगितले नाही. कदाचित सांगताना संकोचही वाटला असेल. खुल्या गटाचे शुल्क भरणे त्याला जमले नाही व त्याचा प्रवेश हुकला.

सीमाभागात ही गुंतागुंत आणखी वाढते. पिंजारी-नदाफ जमात कर्नाटकात प्रवर्ग एकमध्ये, महाराष्ट्रात इतर मागासवर्गात, तर तेलंगणात दुदेकुला या नावासह 'ब' गटात मोडते. सोयरीक तिन्ही राज्यांत, पण दाखला मात्र तीन प्रकारचा. आंध्र प्रदेशाने २००७ च्या कायद्यात चौदा मुस्लिम गट निश्चित केले आणि सय्यद, मुघल, पठाण इत्यादींना वगळले. त्या कायद्याविषयी मतभेद असू शकतात, पण समाजाला एकसंध न मानता पाहण्याचा तो प्रयत्न होता, हे नाकारता येत नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो : इस्लाममध्ये जात नाही, मग आपणच ती का नोंदवावी? धर्माच्या बाबतीत हे विधान खरेच आहे. हुज्जतुल विदाच्या खुतब्यात अरब-अजम भेद नाकारून तकवा हीच श्रेष्ठतेची कसोटी सांगितली गेली. मशिदीच्या सफेत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो. पण सफ मोडल्यावर काय होते? मुलीचे स्थळ पाहताना 'खानदान कोणते' हा प्रश्न आपण विचारतोच. बिरादरी निकाहाच्या वेळी आठवते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात विसरली जाते. समतेचे तत्त्व उच्चारल्याने विषमता नाहीशी होत नाही, ती केवळ नोंदीबाहेर जाते. नोंदीबाहेर गेलेल्या अन्यायावर उपाय करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की अशा नोंदींनी समाज फुटेल आणि बाहेरील भेदभावाविरुद्धचा आवाज क्षीण होईल. ही भीती निराधार नाही. मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिचा फटका सर्वच थरांतील संशोधकांना बसला. अशा वेळी एकजूट हवीच. पण ज्या एकजुटीत खालच्या थराने गप्प बसावे अशी अपेक्षा असते, ती फार काळ टिकत नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींतून मुस्लिमांना वगळले, त्याविरुद्ध आपण बोलतो. मग हलालखोर, मेहतर या जमातींना आपल्या संस्थांच्या कार्यकारिणीत स्थान आहे काय, हेही विचारावयास हवे.

समारोप

थोडक्यात, सच्चर अहवाल हा शासनापुढे धरलेला आरसा आहे, तसाच तो आपल्यापुढेही धरलेला आहे. १९३१ नंतर देशात जातनिहाय पूर्ण गणना प्रसिद्ध झालेली नाही. आगामी जनगणनेत ती करण्याचा निर्णय केंद्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातील वडीलधारे काय सांगतील, हे बऱ्याच अंशी आपल्या वर्गातील मुलांनी घरी काय समजावले यावर अवलंबून राहील. याकरिता शिक्षकाने दोन साध्या गोष्टी कराव्यात. प्रवेश अर्ज भरून घेताना आजोबांचा व्यवसाय व जमात आस्थेने विचारावी, आणि त्या उत्तराची विद्यार्थ्याला लाज वाटणार नाही असे वातावरण वर्गात ठेवावे. कापूस पिंजणाऱ्याच्या नातवाने आपली जमात ताठ मानेने सांगावी आणि तेवढ्याने त्याचे स्थळ कोणी नाकारू नये. त्या दिवशी आपल्याला समतेवर बोलण्याचा पूर्ण अधिकार मिळेल.